ऐकायला येणारा

१

काडी हे नाव त्याला अठराव्या वर्षी पडलं आणि छप्पन्नाव्या वर्षी पोट सुटलं तरी नाव काही सुटलं नाही. एकतीस वर्षं तो गिटार वाजवत होता, पण लोक ज्याला गिटार वाजवणं म्हणतात तशी क्वचितच. तारांमध्ये स्क्रू अडकवायचा, तारांवरून व्हायोलिनचा गज ओढायचा, कधी सहाच्या सहा तारा एकाच सुरात लावायचा आणि गिटार स्पीकरसमोर धरून तिला आपली आपण ओरडू द्यायचा. त्यांच्या ‘गंज’ या बँडची पहिली कॅसेट आली तेव्हा चौघांनी ती ‘खराब निघाली’ म्हणून दुकानात परत आणून दिली होती. ही गोष्ट काडी प्रत्येक मुलाखतीत सांगे आणि परत करणाऱ्यांची संख्या दर वेळी थोडी वाढवे. अलीकडे ती अकरावर गेली होती.

सात अल्बम झाले. गोंगाट कसा ऐकावा यावर दोन पुस्तकं झाली, आणि ती अल्बमपेक्षा जास्त वाचली गेली. आता तो तिसरं पुस्तक लिहीत होता. ‘गंज’ची गोष्ट, पहिल्या दिवसापासून.

सकाळी नऊ ते एक हा त्याचा कामाचा वेळ. बायको दवाखान्यात गेली की तो मागच्या खोलीत बसे. सरावाच्या दोनशे चौदा कॅसेट तिथे खोक्यांत रचून ठेवलेल्या होत्या. रोज एक लावायची, ती संगणकात उतरत असताना ऐकायची आणि आठवेल ते लिहायचं. ऐकायची म्हणजे जमेल तेवढी. एवढ्या वर्षांच्या गोंगाटाने त्याच्या दोन्ही कानांतून वरचे, बारीक आवाज कायमचे पुसले गेले होते. पक्ष्यांची किलबिल, घड्याळाची टिकटिक, कुकरची शिट्टी यांतलं त्याला काही ऐकू येत नसे. बायको कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लोकांची ऐकण्याची तपासणी करायची. ‘माझा सगळ्यात वाईट पेशंट माझ्याच घरात आहे,’ असं ती चारचौघांत हसत सांगे.

‘गंज’ म्हणजे तिघे. काडी गिटारवर, ढोल्या ड्रमवर आणि मौनी बेसवर. मौनी दिवसाकाठी दहा शब्द बोलला तरी खूप. सार्वजनिक पोहण्याच्या तलावाखाली पंपांची एक ओलसर खोली होती, तिथे ते दुपारचे सराव करत. पंपांची घरघर सतत चालू असे, म्हणून तिघांनी आपली वाद्यं त्या घरघरीशीच जुळवून घेतली होती. ‘आमचा तंबोरा दहा हॉर्सपॉवरचा आहे,’ असं ढोल्या म्हणे.

बँडच्या तेराव्या वर्षी एका दुपारी मौनीने बेस स्टँडवर ठेवला, ‘आलो’ एवढंच म्हणाला आणि जिना चढून वर गेला. तो परत आलाच नाही. भांडण झालं नव्हतं, आजार नव्हता, मागे चिठ्ठी नव्हती. घरच्यांनी शोधलं, पोलिसांनी शोधलं. वर्षं गेली.

पुस्तकातलं चौथं प्रकरण इथेच अडलं. प्रकाशन संस्थेच्या संपादक बाई मोकळ्या बोलायच्या. “सर, माणूस ‘आलो’ म्हणून जातो आणि संपलं? वाचक विचारणारच ना, का गेला? कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असू दे.”

मग काडीने एक माणूस रचला. जिन्याजवळच्या लोखंडी घडीच्या खुर्चीवर सराव ऐकायला येऊन बसणारा. मांडीवर घडी घातलेला कोट, मान किंचित वाकडी. वाजणं थांबलं की हा उठून जाई. मौनी गेला त्या दिवशी तो दार धरून उभा होता. सगळ्या मिळून सात ओळी. नाव नाही, चेहरा नाही, चेहऱ्याचं वर्णन काडीला कधी जमतच नसे. बाई खूश झाल्या. काडीलाही वाटलं, गेलं बुवा एकदाचं प्रकरण मार्गी.

२

प्रकरणाची एक प्रत ढोल्याकडे गेली. त्याचंही नाव छापलं जाणार, तेव्हा त्याने एकदा नजर टाकलेली बरी. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला त्याचा फोन आला.

“वाचलं रे. चांगलं लिहिलंयस. आणि त्याच्याबद्दल लिहिलंस ते फार बरं केलंस. माझी कधी हिंमत झाली नसती.”

“मौनीबद्दल?”

“मौनीबद्दल कसली हिंमत लागते? त्या खुर्चीवाल्याबद्दल म्हणतोय मी.”

काडी हसला. “अरे, तो माझ्या मनातला आहे. बाईंना कुणीतरी साक्षीदार हवा होता.”

ढोल्या दुखावल्यासारखा म्हणाला, “असू दे. तुला तसं म्हणायचं असेल तर तसं म्हण. पण माझ्याशी कशाला नाटक करतोस?” आणि त्याने फोन ठेवून दिला.

काडीने स्वतःची समजूत घातली. ढोल्या साठीला आला होता, गुडघ्याच्या गोळ्या चालू होत्या. छापील अक्षरात वाचलं की माणसाला खरं वाटायला लागतं. त्याला स्वतःलाही ती अकरा गिऱ्हाइकं आता डोळ्यांसमोर दिसायचीच की. एकाच्या हातात तर छत्रीसुद्धा होती.

३

रविवारी बायको घरी होती. सकाळचं आवरून ती मागच्या खोलीत आली आणि तिने सहज त्याचे हेडफोन कानाला लावले. तो टेबलापाशी टिपणं काढत होता.

“किती पोरसवदा वाजवताय रे तुम्ही,” ती म्हणाली. मग काही वेळाने, “ही खुर्ची कुणाची करकरतेय?”

“कुठली खुर्ची?”

“ही काय. गाणं हळू होतं ना, तिथे. कुणीतरी खुर्चीत जरा सरकून बसलंय.”

पंपांच्या खोलीत खुर्ची नव्हतीच. काडी ॲम्प्लिफायरवर बसे, मौनी उभा राही, आणि ढोल्याचं गोल स्टूल तर जमिनीला खिळल्यासारखं घट्ट होतं. त्याने हेडफोन घेतले, आवाज पार टोकापर्यंत वाढवला. पंप, बेसचा लांबलेला सूर, झांजेची उतरती थरथर. बाकी काही नाही.

“तुला कसं येईल ऐकू?” ती म्हणाली. “फार बारीक आहे. थांब, दाखवते.” तिने पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखावर बोट ठेवलं. जाड लाटांच्या वर केसासारखी एक उभी रेघ होती. “ही बघ. आणि इथे. आणि ही इथे.”

काडीने दुसरी कॅसेट लावली, मग तिसरी. पहिल्या वर्षाची, नवव्या वर्षाची, बाराव्या. जिथे जिथे वाजणं मंद होई तिथे बायको हात वर करी आणि पडद्यावर ती रेघ उमटलेली असे.

“पाइप असेल,” तो म्हणाला. “नाहीतर टेपच ताणली गेली असेल. जुना माल आहे.”

“असेल,” ती म्हणाली. दिवसभर माणसांना आवाज ऐकवायचे आणि त्यांना काय ऐकू आलं ते विचारायचं, हे तिचं काम. उगाच काही ऐकू आल्यासारखं करणारी ती नव्हती. जेवायला बसल्यावर तिने मध्येच विचारलं, “तुमच्या सरावाला कुणी यायचं का रे?”

४

ढोल्या आपल्या लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहत होता. नाव ढोल्या, पण आता तो इतका वाळला होता की दोघांनी टोपणनावांची अदलाबदल केली असती तर चाललं असतं. लेक कामाला गेली होती. कोपऱ्यात मौनीचा बेस जुन्या चादरीत गुंडाळून उभा होता. त्याच्या घरचे न्यायला कधी आलेच नाहीत.

“खरं सांग,” काडी म्हणाला. “तू त्याला पाहिलंस?”

“रोज पाहत होतो. माझं तोंडच जिन्याकडे असायचं. तुझी पाठ असायची.”

“मग बोलला का नाहीस कधी?”

“सुरुवातीला वाटलं, तुझा कुणी ओळखीचा असेल. मग वाटलं, मौनीचा असेल.” त्याने गुडघ्यावरून हात फिरवला. “आणि मग विचारायची सोय राहिली नाही. वर्ष झाल्यावर कसं विचारणार, हा कोण म्हणून?”

“कसा दिसायचा?”

“कोट असायचा मांडीवर. मान अशी, वाकडी.” त्याने करून दाखवली. काडीने लिहिताना डोळ्यांसमोर जशी आणली होती, अगदी तशी. “चेहरा… तेवढंच काही आठवत नाही बघ.”

काडीला बरं वाटलं. म्हणजे याने फक्त आपलं लिहिलेलं वाचलं होतं. पण मग ढोल्या खालच्या आवाजात म्हणाला, “मौनी शेवटचा सूर का धरून ठेवायचा, ते तरी आठवतंय का तुला?”

ते पुस्तकात नव्हतं, आणि ते काडीला आठवत होतं. तुकडा संपला, दोघांनी वाद्यं बाजूला ठेवली, वायरी गुंडाळल्या तरी मौनी एका तारेवर घुमत राही. ते त्याला किती हसायचे! ‘अरे बाबा, तलाव बंद व्हायची वेळ झाली.’ सगळे एकत्र जिना चढायला निघाले की मगच तो हात उचले.

“वाजतंय तोवर तो बसून ऐकायचा,” ढोल्या म्हणाला. “थांबलं की उठायचा. मौनीच्या ते आधी लक्षात आलं होतं. म्हणून तो थांबूच द्यायचा नाही. त्या दिवशी काय झालं ते आठव. वीज गेली. पंप बंद, ॲम्प बंद. तेरा वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा इतकं शांत झालं. मी बघत होतो. खुर्ची रिकामी झाली, वरचं दार उघडलं आणि मौनीने बेस ठेवला.”

“आणि ‘आलो’ म्हणाला. म्हणजे, लगेच परत येतो असं…”

“परत येतो म्हणून नाही रे, काड्या,” ढोल्या म्हणाला. “वरून कुणी हाक मारली की आपण म्हणतो ना, तसं म्हणाला तो. आलो.”

५

घरी येऊन काडीने दुपारी दोनलाच संपादक बाईंना फोन केला. चौथ्या प्रकरणातल्या त्या सात ओळी काढून टाका, आजच्या आज. बाई कुरकुरल्या, पण पुस्तक छपाईला जायच्या बेतात होतं आणि लेखक हट्टाला पेटला होता. काढल्या. काडीने आपल्या संगणकातूनही त्या पुसल्या, आणि पुसताना त्याच्या मनात आलं की आपण अगदी खुळ्यासारखं वागतोय. माणूस रचलेला असेल तर पुसून बिघडत काही नाही. आणि रचलेला नसेल, तर पुसून काय होणार?

पुढच्या आठवड्यात बायकोची अर्धी रजा होती. त्याने स्वतःच तिला बसवलं, आधी ऐकलेलीच नवव्या वर्षाची टेप लावली. तिने डोळे मिटले. लाटा सरकत राहिल्या. पडद्यावर वरच्या बाजूला आता एकही केस नव्हता. त्याने सुटकेचा निःश्वास सोडला.

“करकर नाहीये,” ती म्हणाली. “मागच्या वेळी मला भास झाला असेल.”

“बघ. मी म्हणालो होतो.”

“थांब.” तिने हात वर केला. “पावलं आहेत.”

“आमच्यातलं कुणी…”

“तुम्ही तिघेही वाजवताय. हे कुणीतरी चालतंय. लांबून. खोलीच्या त्या टोकाकडून.” तिच्या कपाळाला आठी पडली. “भिंतीला धरून फिरतंय. बसायला जागा शोधत असल्यासारखं.”

काडी पडद्याकडे बघत राहिला. त्याला काहीच दिसत नव्हतं, पावलं पंपांच्या लाटेखाली बुडालेली होती. बायकोचा चेहरा मात्र त्याला दिसत होता. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता खुर्चीत मागे मागे सरकत होती. एकदम तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“काय झालं?”

“काही नाही. माइकच्या अगदी तोंडाशी येऊन थांबलं.” ती हसायचा प्रयत्न करत होती. “श्वास ऐकू आला. बंद कर ना ते.”

ती बाहेर गेल्यावर त्याने बाईंना पुन्हा फोन लावला. त्या सात ओळी परत घालायच्या आहेत म्हणाला.

“सर,” बाई शांतपणे म्हणाल्या, “पुस्तक छापून झालं. गठ्ठे बांधून झाले. आता शनिवारी प्रकाशन.”

त्याने ढोल्याला सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. नुसता म्हणाला, “खुर्ची काढून घेतलीस होय त्याची? मग आता तो बसणार कुठे?”

६

प्रकाशन शहरातल्या वाचनालयाच्या सभागृहात होतं, संध्याकाळी पाचला. उंच खिडक्या, लाकडी मंच, साठ-सत्तर माणसं. मौनीनंतर ‘गंज’ दोघांचाच राहिला होता, आणि दोघांनी आधी पुस्तकातलं वाचायचं आणि मग वीस मिनिटांचा एक तुकडा वाजवायचा असं ठरलं होतं.

कुणी यायच्या आधी काडीने सभागृहाच्या कपाटातून एक लोखंडी घडीची खुर्ची काढली आणि बाजूच्या दाराजवळ, सगळ्या रांगांपासून वेगळी, उघडून ठेवली. शिपाई म्हणाला, “तिथे कोण बसणार? वाऱ्याची जागा आहे.” काडी म्हणाला, “असू दे.”

त्याने वाचलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. बायको तिसऱ्या रांगेत होती. मग त्याने गिटार गळ्यात अडकवली आणि गज हातात घेतला. ढोल्याने झांजेवर ब्रश फिरवला. सुरुवात नेहमीसारखी होती, पहिली पाचेक मिनिटं तर तो सगळं विसरून वाजवत होता.

मग त्याने मान वर केली आणि खुर्चीवर मांड्या होत्या.

मांड्यांवर घडी घातलेला कोट होता. काळे बूट जमिनीवर टेकलेले, जुळवून ठेवलेले. वर खांदे, आणि खांद्यांवरून मान एका बाजूला कललेली, हे सगळं नीट दिसत होतं. त्याच्या वर काडीने बघितलं. तिथे अंधार नव्हता की धूसर काही नव्हतं. खिडकीचा उजेड तिथेही पडत होता. पण डोळा तिथे टेकायचा आणि घसरायचा, पुन्हा टेकायचा आणि घसरायचा. त्या जागी काडीने काही लिहिलंच नव्हतं.

वीस मिनिटं झाली. ठरलेली खूण आली, इथे थांबायचं. काडी थांबला नाही. त्याने ढोल्याकडे पाहिलं. ढोल्याचं तोंड दाराकडेच होतं, आणि त्याच्या गालांवरून घाम ओघळत होता. त्याने मान हलवली आणि ताल पुढे चालू ठेवला.

अर्ध्या तासानंतर लोक चुळबुळायला लागले. पाऊण तासाला पहिली रांग उठली. कुणी हसत, कुणी घड्याळ बघत, कुणी ‘हाच तर यांचा प्रयोग’ असं शेजाऱ्याला समजावत निघून गेले. जाताना ते बाजूच्या दाराने गेले, त्या खुर्चीच्या अगदी जवळून, आणि तिथून जाताना प्रत्येक जण नकळत थोडा आखडून चालला. संपादक बाईही गेल्या. काडीच्या बोटांची टोकं सोलली गेली होती. गजाचे केस तुटून लोंबत होते. ढोल्याचा डावा हात कधीच थकला होता, तो आता एकाच काठीने, पडता पडता सावरत, वाजवत होता.

शेवटी सभागृहात बायको उरली. ती उठली आणि मंचाच्या पायऱ्या चढून आली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, तापलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवायला जावं तशी.

“अरे, पुरे आता,” ती म्हणाली. “सगळे गेले.”

“बंद करू नकोस,” काडी ओरडला. “हात लावू नकोस!”

गोंगाटात तिला ते ऐकू आलं नाही. तिने ॲम्पचं बटण खाली केलं.

७

त्याच क्षणी ढोल्याचा थकलेला हातही खाली आला; झांजेची थरथर तेवढी उरली, मग तीही विरली.

दाराजवळचा माणूस उठला. त्याने कोटाची घडी मोडली, एक हात बाहीत घातला, मग दुसरा. कसलीही घाई नाही. काडी मेलेली तार छेडत राहिला, पण वीज नसलेल्या त्या गिटारचा आवाज मंचाच्या कडेपर्यंतही जात नव्हता.

बायकोने दाराकडे मान वळवली. तिचा चेहरा उजळला, ओळखीचं कुणी दिसावं तसा. “अगं बाई,” ती म्हणाली, “तुम्ही होय?” आणि तिने पायरीवर पाऊल ठेवलं.

काडीने गिटार सोडून दिली. एकतीस वर्षांत ती त्याच्या हातून कधी पडली नव्हती. ती लाकडावर आदळली, मान मोडल्याचा आवाज झाला. त्याने दोन्ही हातांनी बायकोचं मनगट धरलं, डोळे गच्च मिटले आणि तिला स्वतःकडे ओढलं. ती काहीतरी म्हणत होती. सोड, दुखतंय, वेडा झालास का. त्याने सोडलं नाही. पावलं मंचाजवळ येऊन थांबल्याचं त्याला तळव्यांतून कळलं. फळ्यांना ते कळत होतं. मग ती पुढे गेली. त्यांच्यामागे, ड्रमच्या बाजूला. मग परत, आणि आता ती दुप्पट होती.

दार लागलं तेव्हा त्याने डोळे उघडले.

ढोल्याचं स्टूल रिकामं होतं. काठ्या ड्रमवर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. बायको मनगट चोळत त्याच्याकडे बघत होती, आणि मघाशी आपण कुणाला ओळखलं होतं ते तिला आता आठवत नव्हतं. तिने तसं म्हटलंही, “कोण होतं रे ते? अगदी जिभेवर आहे.”

काडी बाजूच्या दाराने धावत जिना उतरून बाहेर गेला. बाहेर अजून लख्ख उजेड होता. शिपाई पायरीवर बसला होता.

“आत्ता कोण गेलं?”

“तुमचे ते ड्रमवाले साहेब. आणि बरोबर एक गृहस्थ.”

“कुठे गेले? कुठल्या बाजूला?”

शिपायाने मागच्या रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. रस्ता लांबवर सरळ आणि मोकळा होता. “आत्ताच तर होते,” तो म्हणाला.

काडी परत वर आला. मोठ्या ड्रमवर ढोल्याचा फोन थरथरत होता आणि त्या थरथरीने ड्रम हलकेच घुमत होता. पडद्यावर ‘लेक’ असं दिसत होतं. बायको म्हणाली, “घे ना. ती न्यायला आली असेल.”

त्याने फोन कानाला लावला.

“बाबा, मी गाडी समोर लावलीये. उतरताय ना? गुडघा दुखत असेल तर मी वर येते.”

“मी काका बोलतोय,” काडी म्हणाला.

“काका! कसा झाला कार्यक्रम? बाबांना द्या ना जरा.”

त्याच्या जिभेवर सगळं तयार होतं. आयुष्यभर गोष्टी रचतच तर आला होता तो. हात धुवायला गेलाय. कुणी जुना मित्र भेटला, त्याच्याबरोबर पुढे गेलाय. मागच्या खोलीत सामान भरतोय, येईलच इतक्यात. यांतलं कुठलंही वाक्य पोरीला दोन मिनिटं पुरलं असतं. पण प्रत्येक वाक्यात एक खोली होती, एक दार होतं, आणि दारापाशी कुणीतरी असणारच होतं. काडी फोन कानाला तसाच धरून खिडकीपाशी गेला.

“काका?” ती म्हणाली. खाली रस्त्यावर तिने गाडीचं दार उघडलं, तो आवाज फोनमधूनही आला आणि खिडकीतूनही. “काका, बोला ना काहीतरी.”